आईने बघून यायला सांगितलं होतं

आवडी, चेन्नई
रविवार, १७ ऑगस्ट

ती. ताई,

नमस्कार. तू आणि भाऊजी बरे असाल. तनयाला मामाकडून एक टपली. आईला नमस्कार सांग, पण पत्र आधी तू एकटीने वाच, मग ठरव.

आई म्हणाली होती ना, "फोनवर नको, फोनवर तू गोड बोलतोस. लिहून कळव. त्यांची दारू खरंच सुटली असेल तरच मी परत जाते." म्हणून लिहायला बसलोय. दहावीनंतर हातात पेन धरायची वेळ आली नाही, अक्षर चालवून घे.

गाडी वेळेवर आली. पाँडिचेरीहून बसने यायचं होतं, पण वाटेत एकजण भेटला, तो सायकलवर कन्याकुमारीला निघालेला, त्याच्याशी गप्पांत बस चुकली, म्हणून रेल्वे धरली. ते जाऊ दे. इथे उकाडा म्हणजे अंगाला ओलं फडकं गुंडाळल्यासारखा. क्वार्टर्सच्या मागचा फणस अजून आहे.

बाबा कामावर होते. किल्ली समोरच्या भवानीअक्कांकडे. घरात गेलो आणि आईने सांगितलेल्या जागा बघायला लागलो. माळा, बाथरूममधली बादली, तांदळाचा डबा. डब्यात कोपरापर्यंत हात घातलेला आणि मागून आवाज, "आलास?" बाबा दारात. मी हात बाहेर काढला, सगळा पांढरा. ते चिडले नाहीत. बूट काढत म्हणाले, "पाण्याच्या टाकीमागेही बघ. ती जागा तुझ्या आईला कधी सापडली नाही." मी नको नको म्हटलं, तर स्वतः स्टूल आणून दिलं. चढलो. कोळिष्टकं होती, बाकी काही नाही.

ताई, ते ओळखू येत नाहीत गं. पोट गेलंय. गाल बसलेत, केस पांढरे, पण डोळे स्वच्छ. त्रेपन्नाव्या वर्षी माणूस असा नव्याने चालायला शिकल्यासारखा चालतो. रोज सकाळी परुत्तिपट्टू तळ्याभोवती ही मंडळी फेऱ्या मारतात, दारू सोडलेली सगळी. पगाराच्या दिवशी त्यांच्यातले व्यंकटमामा आणि उदयसिंह फॅक्टरीच्या गेटवर उभे राहायचे आणि बाबांना मध्ये घेऊन दारूच्या दुकानावरून घरापर्यंत आणायचे. भवानीअक्का दिवेलागणीच्या आत रसम-भात पाठवतात, कारण भुकेला माणूस लवकर पाघळतो म्हणे. हे सगळं आपण करायचं होतं. आपण म्हणजे मी. तू तर संसारात.

व्यंकटमामा कोण ते सांगायचं राहिलं. तंजावरकडचे मराठी, बाबांच्या त्या दारू सोडलेल्यांच्या मीटिंगमधले सगळ्यांत जुने. त्यांची मराठी ऐकून आधी हसू येतं, चाल तमिळ आणि शब्द आजोबांच्या आजोबांचे. हे पत्र त्यांच्याच घरून लिहितोय. आता का ते लिहितो. टाळून टाळून तिथेच यायला लागतंय.

काल बाबांना दारू सोडून वर्ष झालं, त्याची मीटिंग होती. शाळेच्या वर्गात, पोरांच्या छोट्या बाकांवर ही मोठी माणसं गुडघे दुमडून बसतात. वर्ष झालं की घरच्या कोणीतरी उठून दोन शब्द बोलायचे, अशी त्यांची रीत आहे. आई नाही, तू नाही, म्हणजे मीच. मला लोकांसमोर बोलायची भीती वाटते, तुला माहीत आहे. स्टेशनाजवळ दुकान दिसलं. धीर यावा म्हणून दोन बिअर घेतल्या.

होय ताई. त्या मीटिंगला मी पिऊन गेलो.

वर लवंग चघळली. मूर्खपणा बघ, ज्यांनी जन्मभर लवंगा चघळल्या त्यांच्यासमोर! उठलो आणि बोललोही झकास. माझ्या बाबांचा मला अभिमान आहे, वगैरे. व्यंकटमामा शेजारी उभे राहून तमिळमध्ये सांगत होते. मध्येच थांबले. मी तसाच बोलत राहिलो. पुढच्या बाकावरच्या रिक्षावाल्याने मान खाली घातली. कोणी हसलं नाही, कोणी उठून गेलं नाही. बाबा उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, "बस आता." मग सगळ्यांना केसरी वाटली, म्हणजे आपला शिरा. मलाही. पहिल्यांदा मलाच.

बाहेर सायकलींपाशी त्यांनी विचारलं, "किती?"

"दोनच. बिअर."

"हं. नवीन, आज घरी येऊ नकोस."

मी म्हटलं, "बाबा, मी नुसता पडून राहीन. त्रास नाही देणार."

"तू झोपशील रे. मी जागा राहीन, तुझा वास घेत." मग दुसरीकडे बघत म्हणाले, "मला तो वास अजून आवडतो."

एवढं बोलून ते सायकलीचं कुलूप काढायला वाकले. व्यंकटमामा स्कूटर घेऊन आले, "चल रे लेकरा, आमचे घरी चल. सरी, सरी, बरें बरें, रडूं नको, स्कूटर हालते." त्यांच्या बायकोने काही न विचारता दहीभात वाढला. आज सकाळी गॅलरीतून मंडळी फिरायला जाताना दिसली. बाबा त्यांच्या मधोमध. मला बघून हात वर केला, पण थांबले नाहीत.

तर आईला सांग: सुटली आहे. मी डब्यात हात घालून बघितलं ते खरं नव्हे, हे खरं. तू फोन करून "पोराला रस्त्यावर काढता?" असं त्यांना विचारू नकोस. लहानपणापासून तू माझी बाजू घेत आलीस, म्हणून सांगतोय. आणि आई येईल तेव्हा तिला स्टेशनवर घ्यायला मी येणार नाही. बाबा येतील. त्यांनाच येऊ दे.

माझं काय, ते विचारू नकोस. मामा म्हणतात संध्याकाळी मागच्या बाकावर येऊन बस, कोणी बोलायला लावणार नाही. मी हो म्हटलेलं नाही. माझ्या चपला मात्र त्यांनी उचलून आत कपाटात ठेवल्यात.

बाबांनी घरी नेलं नाही आणि बरोबर केलं, असा तुझा धाकटा,
नवीन