बोटांकडे पाहायचं नाही

सर,

आज दसरा. सकाळी वरच्या मजल्यावरची भाडेकरीण सोनं द्यायला आली. बँकेत नोकरी करते, एकटीच राहते, दर दसऱ्याला न चुकता येते. तिनं आपट्याचं पान पुढे केलं आणि मी उजवा हात खिशातून काढलाच नाही. "ठेवून दे टेबलावर," म्हणालो. ती क्षणभर तशीच उभी राहिली, मग पान टेबलावर ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि जिना चढून गेली. सणाच्या दिवशी कोणी सोनं देतं आणि आपण ते हातातही घेत नाही, याचा अर्थ तिला कळतो, मलाही कळतो. ती गेल्यावर ध्यानात आलं, ते वाक्य माझं नव्हतं. ते तुमचं होतं. फार वर्षांपूर्वी, याच दिवशी, याच प्रताप नगरात तुम्ही मला तेच म्हणाला होतात. सकाळपासून मी टेबलाशी बसून आहे, जेवायलाही उठलो नाही.

आधी माझं सांगतो. गेल्या उन्हाळ्यापासून माझा उजवा हात थरथरतो. काम करताना कमी, नुसता बसलो की जास्त. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, डॉक्टरलाही नाही. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो, भाजीची पिशवी डाव्या हातात घेतो, सहीचं काम आलं तर चष्मा विसरलो म्हणतो. इतपत निभत होतं. पण तुम्ही गेल्यानंतर एक वस्तू आली आहे, तिच्यापुढे माझी काही मात्रा चालत नाही. फोन. तुम्हाला आठवतो तो काळा, तबकडीचा नव्हे. ही नुसती काचेची पाटी असते. तिच्यावर छोटी छोटी चित्रं असतात, त्यांना आयकॉन म्हणतात. चित्राला बोट लावलं की ते काम सुरू होतं, आणि बोट सरकवलं की पान बदलतं. डावीकडे सरकवलं तर एक, उजवीकडे दुसरं, वरून खाली ओढलं तर आणखी तिसरंच काही. टाइपरायटरसारखा बटण दाबल्याचा खटका नाही, ओळ संपत आल्याची घंटी नाही. बोटाला काही म्हणजे काही कळत नाही. परवा भाजीवाल्यासमोर माझ्या खिशात आपोआप बॅटरी लागली. "काका, खिसा पेटला ना तुमचा!" तो ओरडला, आणि सगळा बाजार हसला. मीही हसलो.

हा फोन माझ्या मुलीनं दिला. पुण्याला असते. मे महिन्यात आली होती, तेव्हाच आमचं वाजलं. हिला, म्हणजे तिच्या आईला, जाऊन आता बरीच वर्षं झाली, घरात मी एकटा. ती म्हणाली, "बाबा, पुण्याले चला. एकटे काहून राहता इथं?" मी म्हणालो, "हातपाय धड आहेत तोवर मी हे घर सोडत नाही." चांगलं मोठ्यानं म्हणालो, आणि म्हणताना उजवा हात मांडीखाली दाबून बसलो होतो. जायच्या दिवशी तिनं हा फोन पुढ्यात ठेवला, त्याच्या पहिल्या पानावरची सगळी अडगळ काढून टाकली आणि मोजकीच चित्रं ठेवली. अगदी खाली, अंगठा सहज पोचेल अशा कोपऱ्यात, स्वतःचा फोटो. "माझ्या तोंडाले नुसता हात लावा, मले फोन लागते," म्हणाली. रागावलेली होती, तरी हे सगळं करून गेली.

तो फोटो मी घालवला, सर. आणि त्यात तुमचाही हात आहे. टायपिंग तुम्हीच शिकवलंत ना, "ठोक! की घाबरून दाबू नको, अक्षर फिक्कं उठते." उभी नोकरी मी पाटबंधारे खात्यात टाइपरायटरची की ठोकत काढली. तसंच बोट मी तिच्या फोटोवर ठोकलं आणि दाबून धरलं. या फोनला दाबून धरलेलं चालत नाही. दाबून धरलं की चित्र जागचं सुटतं आणि बोटाला चिकटून हिंडू लागतं. माझा हात थरथरत होता, त्याबरोबर तिचा फोटोही काचेवर इकडून तिकडे हेलकावे खात होता. वर कुठंतरी 'काढून टाका' असं लिहिलेलं आलं, बोट भलतीकडे गेलं, आणि फोटो नाहीसा झाला. कोपरा रिकामा. नावांच्या यादीत तिला शोधायला जावं तर यादी थरथरत्या बोटाखालून भलतीकडेच पळते. तो परत कसा आणायचा ते मला येत नाही, आणि विचारायचं तर ज्याला विचारीन त्याच्यासमोर हात बाहेर काढावा लागेल.

संध्याकाळी तिचा फोन यायचा. घ्यायचा असेल तर बोट खालून वर न्यायचं, कापायचा असेल तर वरून खाली आणायचं. मी वर नेतो, आणि वर नेता नेता हात खाली घसरतो. फोन कटतो. एकदा कटला, दुसऱ्यांदा कटला. तिचा निरोप आला, "बाबा, कामात आहात का?" मी एका बोटानं लिहिलं, "होय". काय काम होतं मला? कुंडीला पाणी घालून झालं होतं. पुढच्या आठवड्यात, "राग गेला नाही का अजून?" मी लिहिलं, "तसं नाही". तसं नाही तर मग कसं, ते लिहिलं नाही. हातामुळे फोन कटतो म्हटलं की ती विचारणार, हाताले काय झालं, आणि मग हातपाय धड असल्याचा माझा सगळा वाद तिथंच संपला. घर सुटणार. गणपतीत शेवटचा निरोप आला, "मी आता फोन करत नाही. तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्ही करा." शब्दाला जागणारी आहे, आईवर गेली आहे. तेव्हापासून फोन गप्प आहे. माझी मुलगी समजते की बाप रोज तिचा फोन कापत होता.

आणि तुमच्याबद्दल मी काय समजत होतो, ते आता ऐका. तुमच्या घराशेजारची ती टिनाची शेड, आत ओळीनं मांडलेली मशीनं, मराठीची खिडकीकडे, इंग्रजीची दाराकडे. मी खिडकीजवळ बसलोय. बोटं चाचपडतात आणि नजर खाली जाते. तुम्ही मागून येता, उन्हासाठी डोक्याला बांधलेला तुमचा पांढरा दुपट्टा सोडता आणि माझे दोन्ही हात, कीबोर्डासकट, झाकून टाकता. "काहून पाहून राहिला बोटाइकडे? अक्षरं काय घर सोडून जातात का गा?" अख्खी शेड हसते. मनगट टेबलाला टेकलं की तुमची पट्टी मनगटाखालून फिरायची. "भिंतीले टेकून कोणी नाचते का गा?" मला तेव्हा तुमचा राग यायचा. पण दुपट्ट्याखालीच माझी बोटं शिकली, आणि तुम्ही स्वतः मशीनवर बसून दाखवायचात तेव्हा आम्ही आपलं काम सोडून पाहत राहायचो. नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही मला एक जाड लोकरी नमदा दिलात, मशीनखाली घालायला. "मशीन हललं की माणूस चुकते," एवढंच म्हणालात. पेढा मात्र माझाच खाल्लात, तोही दोन वेळा.

त्यानंतर दर दसऱ्याला मी सोनं घेऊन यायचो. मग तो एक दसरा. शेडमध्ये मुलं होती, तुम्ही खुर्चीत बसून मजकूर सांगत होता. स्वतः बसून दाखवणं तुम्ही बंद केलं होतं, आणि दुपट्टा डोक्याला नव्हता, मांडीवर होता, हात त्याच्याखाली. मी पान पुढे केलं. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "ठेव टेबलावर." सगळ्यांसमोर. मी पान ठेवलं आणि कान लाल करून घरी आलो. तरी उन्हाळ्यात माझ्या लग्नाची पत्रिका घेऊन पुन्हा आलोच. नागपूरचा मे, कूलर घरघरतोय, आणि तुम्ही अंगावर चादर ओढून बसलेले, दोन्ही हात आत. पत्रिका घ्यायलाही हात बाहेर आला नाही. काय झालं विचारलं तर म्हणालात, "थंडी वाजून राहिली गा." मला ती थट्टा वाटली. लग्नाला तुम्ही आला नाहीत. मग मी येणं सोडलं. शेड बंद झाली, लोक म्हणाले कॉम्प्युटर आले, मीही तेच म्हणत राहिलो. तुम्ही गेल्यावर भेटायला आलो तेव्हा काकू म्हणाल्या, "शेवटी शेवटी कोणालेच भेटत नव्हते. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसत." मी मनात म्हटलं, मास्तर फार आखडू झाले होते. इतकी वर्षं हेच म्हणत आलो. मला कोणी काही सांगितलेलं नाही, पुरावा काही नाही. पण आज माझ्याच तोंडून तुमचं वाक्य आलं, माझा हात खिशात होता, आणि मला मेमधली ती चादर दिसली. ती थंडी नव्हती ना, सर?

इथवर दसऱ्याला लिहिलं होतं. पुढचं दुसऱ्या दिवशी लिहितो आहे.

काल दुपारी मी स्वयंपाकघरात गेलो. तुमचा नमदा अजून आहे. ऑफिसातली मशीनं गेली तेव्हा मी तो घरी आणला होता आणि हिनं मिक्सरखाली घातला होता, मिक्सर ओट्यावर चालत सुटायचा म्हणून. हळदीचे डाग पडलेत त्यावर. तो काढून टेबलावर घातला, त्यावर फोन ठेवला आणि मनगट सरळ टेकवलं. तुमची पट्टी येईल असं एकदा वाटून गेलं. टेकलेला हात कमी हलतो, हे मला माहीतच नव्हतं, कारण मी कधी टेकवलाच नव्हता. नावांची यादी उघडली, सरकवत सरकवत तिचं नाव काढलं, आणि न ठोकता नुसतं बोट लावलं.

पहिल्याच रिंगला उचलला. "बाबा?" म्हणाली. "बरे आहात ना? थांबा, व्हिडिओ लावते, हिरव्यावर बोट ठेवा." ठेवलं. तिचं तोंड आलं काचेवर, डोळे मोठे झालेले. "मले तर पंखाच दिसून राहिला, बाबा. फोन हातात घ्या." मी फोन उजव्या हातात घेतला. "चित्र काहून हलून राहिलं एवढं?" आणि सर, मी तोंड उघडलं तर तुमचं वाक्य तयारच होतं. "थंडी वाजून राहिली," म्हणालो.

ती हसली नाही. "बाबा, पंखा पाहिला ना मी आत्ता. फुल होता."

मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. आणि हात त्याच्यासमोर धरला. नुसता धरला, कशाला टेकवला नाही. तो हलत होता, जसा हलतो तसा. ती बघत होती. मी तिच्याकडे पाहू शकत नव्हतो म्हणून मीही हाताकडेच पाहत होतो. "केव्हापासून?" तिनं विचारलं. "उन्हाळ्यापासून." "म्हणजे फोन..." "वर नेतो वं पोरी, खाली घसरते." तिनं नाक ओढलं. शेवटी म्हणाली, "मी शनिवारी येते. आधी डॉक्टरकडे जाऊ." आधी म्हणाली, म्हणजे नंतरचंही काही आहे, आणि ते काय आहे ते मला माहीत आहे. मी फक्त "ये" म्हणालो.

संध्याकाळी मी वर जाऊन भाडेकरणीला सोनं दिलं, उजव्या हातानं. पान तिच्या हातात पडेपर्यंत थरथरत होतं. तिनं पाहिलं आणि पटकन दोन्ही हात पुढे केले. खाली येताना कठडा धरून उभा राहिलो आणि थोडा रडलो. भीती वाटते, सर. डॉक्टर काय म्हणेल याची वाटते, हे घर सुटेल याची त्याहून जास्त वाटते. तुम्हालाही वाटली असेल, आणि त्या टिनाच्या शेडमध्ये तुम्ही कोणाला सांगणार होता? आम्ही सगळे तुमच्या बोटांकडे पाहून शिकणारे.

हे पत्र कुठं धाडणार? फोनमध्येच राहील, एखाद्या चित्राच्या मागे, आणि एक दिवस माझ्याच हातून पुसलं जाईल. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. हे सगळं मी एका बोटानं लिहिलं, आजचं तुमच्या नमद्यावर मनगट टेकवून, आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बोटाकडे पाहत.