मेतकुटातला म, लोणच्यातला ण

प्रिय आई,

आज अण्णा नको तिथे उभे दिसले आणि त्याला कारण मी आहे. दुसऱ्या कुणी तुझ्या कानावर घालण्याआधी मीच सांगते.

तुझ्या बरण्या आठवतात? प्रत्येकीवर कागदाची पट्टी आणि तिच्यावर तुझं ते तिरकं, लयदार अक्षर. तुझी वेलांटी लग्नपत्रिकेवर शोभावी अशी वळायची. मी कौतुक केलं की तू म्हणायचीस, "बरणी वळखाय आली म्हंजे झालं."

तू गेलीस आणि मी त्या पट्ट्या सोडवून घेतल्या. माझं काम डिझाइनचं, तेव्हा तुझ्या अक्षरांचा फाँट केला. मेतकुटातला म आणि ट घेतला, लोणच्यातला ण घेतला. जी अक्षरं सापडली नाहीत ती तुझ्या वळणाने मी काढली. वाटलं, आई एवढी तरी राहिली. मग तो विकायला काढला. तुला विचारायची सोय नव्हती, पण अण्णांना विचारायला काय झालं होतं मला?

आधी सगळं छानच चाललं. लग्नपत्रिकांवर तू, तासगावच्या बेदाण्याच्या खोक्यांवर तू. मी मिरवत होते. मग मिरजेच्या रस्त्यावर एक खानावळ निघाली. तिच्या पाटीवर, तुझ्या अक्षरात, हातभर उंच: 'गावरान मटण'.

आई, मैत्रिणीकडे अंड्याची पोळी खाऊन आले तर तू मला उंबऱ्याबाहेर थांबवून अंघोळीला पाठवलं होतंस. आणि मी तुझ्याच मेतकुटातून नि लोणच्यातून हे लिहवून घेतलं! मालकाने फाँट रीतसर घेतलाय. पाटी उतरवा म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?

अण्णांना कळू नये म्हणून मी त्यांना त्या रस्त्याने कधी नेलंच नाही. आज पाहते तर ते तिथेच, पानपट्टीपाशी, टोपी घालून, समोरच्या पाटीकडे बघत उभे. पानवाला म्हणाला, "आजोबा रोज येत्यात की." आपल्यातला म्हातारा माणूस मटणाच्या दारासमोर, लोक काय म्हणत असतील?

"अण्णा, चुकलं माझं," मी म्हटलं.

त्यांनी पाटीवरची नजर काढली नाही. "तुझ्या आईचं अक्षर हाय गं. बाकी काय लिवलंय, ते मी वाचत न्हाई."

तू रागावली असशील. रागाव. पण एक तक्रार माझीही ऐक. एवढ्या बरण्यांवर लिहिलंस, स्वतःचं नाव कुठेच कसं लिहिलं नाहीस गं? दारावरच्या पाटीवरसुद्धा एकट्या अण्णांचंच नाव आहे.

फाँट विकणं आजपासून बंद. गेलेली अक्षरं काही मला परत आणता येणार नाहीत. पण दारावर नवी पाटी लावीन, तुझ्या नावाची, तुझ्याच अक्षरात. तुला बघायला अण्णांना त्या रस्त्यावर जावं लागणार नाही.

तुझी चुकलेली,
सुनू