म्हशीच्या किमतीचे हेडफोन आणि माझी डावी बाजू

मी, सत्यम महिपती असवले, वय सव्वीस, धंदा साऊंड सिस्टीम भाड्याने देणे, राहणार टाकवे बुद्रुक, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी काही पाजलेले नाही. एखादी वेलांटी वाकडी आली तर ती भीतीमुळे आली असे समजावे. शाळा नववीत सुटली तरी ऱ्हस्व-दीर्घ मी आजवर जपले आहे.

हे आत्ताच का लिहितो ते सांगतो. सोमवारी पुण्याच्या रुग्णालयात माझ्या डोक्याचे ऑपरेशन आहे. डाव्या कानाच्या नसेवर गाठ आहे. ती कॅन्सरची नाही असे डॉक्टरबाई म्हणतात, पण ती मेंदूला टेकली आहे असेही त्याच म्हणतात. डावा कान आता परत येणार नाही. बाकीचा मी परत यावा यासाठी ऑपरेशन आहे. गेल्या महिन्यात मी दसऱ्याच्या मिरवणुकीत स्पीकर उचलत होतो. मला अजून हे सगळे दुसऱ्या कोणाचे तरी चालले आहे असे वाटते.

कलम १. घर वडिलांचे, म्हणजे आबांचे आहे, त्यावर माझा काही बोल नाही. वरची पत्र्याची खोली मी माझ्या कमाईतून बांधली. ती आई, नंदाबाई महिपती असवले, हिची. तिने तिथे कांदे वाळत घालावेत किंवा दार लावून निवांत बसावे. थोरले बंधू निलेश यांनी तिथे मोटारसायकलचे सामान ठेवू नये.

कलम २. बँकेतील शिल्लक, रुग्णालयाचे बिल भागून काही उरल्यास, आईची.

कलम ३. दोन मोठे स्पीकर, अँप्लिफायर, मिक्सर, माईक आणि सर्व वायरी धाकटी बहीण कोमल हिला द्याव्यात. दादाला राग येईल, म्हणून कारण लिहितो. दादा वायर कोपराभोवती गुंडाळतो. तशी गुंडाळली की आतली तार पिळवटते आणि भर कार्यक्रमात खरखरते. किती वेळा सांगितले. तो म्हणतो, "वायरच हाय ना, का नवरी हाय?" कोमल एक वेटोळे सुलटे, एक उलटे असे हातात घेते आणि फेकली की वायर सरळ उलगडते. ज्याला वायर गुंडाळता येत नाही त्याच्या हाती मिक्सर जाऊ नये, ही माझी इच्छा आहे.

कलम ४. हेडफोन. हे जास्त सविस्तर लिहावे लागेल.

गेली दोन वर्षे मला मिक्सरची डावी बाजू कमी वाटायची, म्हणून मी ती वाढवायचो. हरिपाठाला डावीकडच्या स्पीकरजवळ बसणाऱ्या भामाबाई ओरडायच्या, "मेल्या, ह्यो भोंगा माज्या कानातच घातलास व्हय?" मला वाटे, म्हातारीला खोडी काढायची सवय आहे. माझ्या हेडफोनचीही डावी बाजू कायम मंद. एक जोड टाकला, दुसरा आणला, त्याचीही तीच गत. स्वस्त मालाची डावी बाजू लवकर जाते, असे मी सगळ्यांना सांगत असे. शेवटी ठरवले, एकदाच घ्यायचे आणि उत्तम घ्यायचे. परदेशी बनावटीचे, स्टुडिओत वापरतात तसले मागवले.

आबांनी किंमत ऐकली आणि ते खाटेवर उठून बसले. "आरं, येवढ्यात दुभती म्हस आली आसती. म्हस दूध तरी देती. ह्ये काय देतंय?"

"आबा, आवाज देतंय."

"आवाज म्हस बी देती."

मी ते कानाला लावले. आवाजाबद्दल खरे तेच लिहितो. आमच्याकडच्याच एका अभंगात तबल्याच्या शाईवर बोट घासलेले ऐकू आले. गाणाऱ्या बाईंनी ओळ उचलण्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला. पण हे सगळे उजवीकडेच. डावी बाजू मुकी.

हेडफोनचा डबा घेऊन तसाच लोणावळ्याला गेलो, बाजारातल्या फिरोज तांबोळीच्या दुरुस्तीच्या दुकानात. "डावा बंद आहे," मी म्हणालो. "इतके पैसे घेऊन फसवले मला."

त्याने कानाला लावले. "वाजतोय की! काय वाजतोय!"

"कुठे वाजतोय?"

"थांब. आता उलटा घाल. उजवा डाव्यावर."

मी घातला. "बघ," मी म्हणालो, "आता डावा वाजतोय, उजवा गेला."

फिरोज हसला नाही. एरवी तो मयताच्या घरीही हसू दाबू शकत नाही. त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "सत्या, वस्तू अशी बाजू बदलत नाही रे."

मी डाव्या कानाजवळ चुटकी वाजवली. बोटे हललेली दिसली, आवाज आला नाही. रस्त्यावरच्या गाड्या, शेजारच्या गिरणीचा पट्टा, सगळे एकाच बाजूने येत होते, आणि ते कधीपासून तसे येत होते हे मला सांगता येईना. साऊंडवाला मी, आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती.

आता आबा म्हणतात, "वसूल झालं रं. म्हशीनं कान तपासला आसता व्हय?" मी हे मान्य करीत नाही. दहापट किमतीत दहापट ऐकू येत नाही, फार तर सव्वापट येते. कान सरकारी दवाखान्यात फुकट तपासतात. उलटे घालून बघणे स्वस्त हेडफोनवरही जमले असते. मात्र स्वस्त वस्तू बिघडली की आपण वस्तूला नावे ठेवून मोकळे होतो. या वस्तूला नावे ठेवायला जागा नव्हती, म्हणून फिरोजने दोष माझ्यात शोधला. त्याची किंमत किती धरावी हे मला ठरवता येत नाही.

<s>तरी सदर हेडफोन फिरोज नूरमहंमद तांबोळी यास द्यावेत. त्याचे दोन्ही कान शाबूत आहेत.</s> (खोडले आहे. सत्यम म. असवले.)

कलम ५. भामाबाईंवर माझा राग होता, तो या कागदाने संपला. माझी साऊंड सिस्टीम असेपर्यंत त्यांना उजवीकडे बसवावे.

खोडण्याचे कारण. हा मसुदा तपासायला मी वडगावला तहसील कचेरीबाहेर टायपिंग करणाऱ्या रेणुकाताईंकडे नेला. साक्षीदार म्हणून फिरोज सोबत होता. ताई म्हणाल्या, "ज्याला कागदात काही मिळतंय त्यानं साक्ष करू नये. उद्या कुणी वाद घातला तर त्याचं मिळालेलं जातं."

फिरोज उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसला. "म्हणजे मी सही केली तर हेडफोन मला नाहीत?"

"नाही. तू सही करू नको, दुसरा कोणी बघतो."

"पेन दे."

"फिरोज, एका म्हशीची किंमत आहे."

"पेन दे म्हटलं ना! तुझे हेडफोन घालून दुकानात बसू, आणि गिऱ्हाईक विचारेल कुणाचे, तर काय सांगू? अक्कल आहे का तुला?" त्याचा आवाज चढला. रेणुकाताईंनी पेन पुढे केले.

कोमल हेडफोनला हात लावणार नाही म्हणते. आईला ते नजरेसमोर नकोत. दादा विकून टाकेल. तेव्हा या वस्तूला वारस नाही. ती माझ्याच नावावर राहील आणि मी एका कानाने ती वापरीन. तसे न घडल्यास काय करावे, यासाठी खाली एक ओळ सोडली होती. फिरोजने ती भरू दिली नाही.

................................................

वरील मजकूर मी पुन्हा वाचला, तो बरोबर आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही करतो.

सत्यम महिपती असवले

साक्षीदार:
१) फिरोज नूरमहंमद तांबोळी, लोणावळा
२) रेणुका बाळासाहेब ढोरे, वडगाव मावळ

ठिकाण: वडगाव मावळ
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५