ओढ्यातल्या बॅटऱ्या

आई, तुझ्या एलविराचा डोंगरावरून नमस्कार.

मी मजेत आहे, शाळेत शिकवणंही बरं चाललंय. घरोघरी सौरदिवे आल्यापासून रॉकेलचा धूर गेला.

पण बाद झालेल्या बॅटऱ्या ओढ्यात पडतात! त्या चाटून शेजारच्या सातुर्निनाबाईंच्या मेंढ्या मेल्या. काल दिवेवाल्या कंपनीचा साहेब आला, तर म्हणतो, "दिवे फुकट दिले, आता कचराही आम्हीच उचलायचा?" माझं डोकंच फिरलं.

सातुर्निनाबाईंनी ओढ्याचं पाणी पेल्यात भरून त्याच्यापुढे धरलं. "घ्या साहेब, हेही फुकटच आहे."

तो मागे सरकला. मग आम्ही बायकांनी सगळ्या बॅटऱ्या त्याच्याच गाडीत भरल्या.

तिकडे ओरुरो शहरात गारठा असेल, तुझा खोकला कसा आहे? माझी काळजी नको. आता आम्ही पाणी वरच्या झऱ्यावरून आणतो.

तुझीच,
एलविरा