उस्मानभाईंचे झैतून

५ डिसेंबर १९९०, बुधवार

सोनल माझ्याबरोबर येऊ शकत नाही! मी एकटी जाऊ शकते. अर्ज केला तर आठवड्यात मुंबईला. पण पोर नाही. तिचं नाव रत्नाकरच्या पासपोर्टवर आहे, माझ्या नाही.

हे आम्हीच करून ठेवलंय. इथे सौदीत इकाम्यावर, म्हणजे राहायच्या परवान्यावर, मुलं बापाच्या नावाने लागतात. मग पासपोर्टवरही तिथेच असू दे, एकाच ठिकाणी बरं — तेव्हा सगळे असंच करत होते. दोन वर्षांच्या पोरीला वेगळा पासपोर्ट कशाला, असाही एक शहाणपणा. आता कंपनीच्या ऑफिसातले नसरुद्दीन, हैदराबादचे, मान हलवत म्हणतात, "मॅडम, नाम जिसके पासपोर्ट पे, बच्ची उसी के साथ जाएगी." आणि तो 'जिसके' म्हणजे माझा नवरा, त्याला रजा नाही. उन्हाळ्यात कुवेत पडल्यावर भारतात गेलेले निम्मे लोक परतलेच नाहीत, म्हणून कंपनीने भारताच्या रजा बंद केल्यात. पासपोर्ट सगळ्यांचे कंपनीच्या तिजोरीत. रियाधला आपल्या वकिलातीत जाऊन सोनलचा नवा काढावा, तर त्यासाठीही तिजोरी उघडायला हवी.

इराकला कुवेत सोडायला पंधरा जानेवारीची मुदत दिलीय. पुढे काय होणार ते रास तनुरात प्रत्येकाला माहीत आहे. एवढी मोठी रिफायनरी उशाशी घेऊन झोपतो आम्ही. बोलत मात्र कुणी नाही. रत्नाकर तर नाहीच नाही.

९ डिसेंबर

बोलला! जेवताना एकदम.

त्याचा इंग्रज सुपरवायझर दर नाताळात सायप्रसला जातो. भूमध्य समुद्रातलं बेट, तिथे थंडीत स्वस्त हॉटेलं. तिथली रजा अजून मिळते, पाच-सहा दिवसांची, कारण तिथून लोक परत येतात. आणि निकोसियाला आपलं हायकमिशन आहे. तिघांनी सहलीला म्हणून जायचं, पासपोर्ट हातात येतीलच, सोनलचा वेगळा काढायचा, आम्हा दोघींना मुंबईच्या विमानात बसवायचं आणि याने परत यायचं.

लग्न झाल्यापासून इतकं सलग बोललेला मला आठवत नाही. मी आमटी वाढायची विसरले.

बिल्डिंगमध्ये सांगितलंय, फिरायला चाललोय. युद्धाच्या तोंडावर सहल! लोक म्हणत असतील, यांना पैसा खुपतोय. म्हणू देत.

१३ डिसेंबर

माशी शिंकली. रजेला जामीन लागतो. जाणाऱ्याच्या मागे कंपनीतल्या एकाने सही करायची. गेलेला परतला नाही, तर जामिनाचा एक्झिट, म्हणजे देशाबाहेर जायचा परवाना, बंद. कधी सुटेल ते कंपनीची मर्जी. एरवी लोक चहा पिता पिता सही देतात. आता जो तो कानावर हात ठेवतोय. पुण्याच्या एकाने तर रत्नाकरला पाहून जिन्याची वाट बदलली.

१४ डिसेंबर

उस्मानभाईंनी सही केली. हे खालच्या मजल्यावरचे, श्रीवर्धनचे, स्टोअरकीपर. रत्नाकरने विचारलंही नव्हतं. नसरुद्दीनकडून कळलं आणि आपणच ऑफिसात जाऊन केली. यांची दोन्ही मुलं सप्टेंबरातच चुलत्याबरोबर गावी गेली. त्यांचे पासपोर्ट वेगळे. शहाणी माणसं. इथे फक्त ते आणि रुकय्याभाभी.

बेसनाचे लाडू घेऊन मी त्यांच्याकडे गेले. रुकय्याभाभींनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. मला रडू आलं.

२१ डिसेंबर, शुक्रवार. लार्नाका

पोचलो! सोनल खिडकीशी नाक लावून बसलीय. रस्त्यात दिव्यांची झाडं, दुकानात लाल टोपीवाला म्हातारा. "मम्मी, ख्रिसमस इज रिअल!" म्हणाली. नऊ वर्षांची होईपर्यंत हिने नाताळ पाहिला नव्हता.

सकाळी धहरानच्या विमानतळावर उस्मानभाईंनीच गाडीने सोडलं. आत जाताना त्यांनी रत्नाकरला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगितलं. काय म्हणाले, विचारलं. "काही नाही. येताना झैतून आण म्हणाला." झैतून! आमच्या रहीमा गावच्या बाजारात ऑलिव्हच्या बरण्यांच्या रांगा लागलेल्या असतात. पण माणसाची आवड असते एकेक.

उद्या सकाळी लवकर निकोसिया. शनिवार, आठवड्याचा पहिला दिवस. रत्नाकरने मुद्दाम तसा बेत आखला.

२२ डिसेंबर, शनिवार

बंद! दाराला कुलूप.

शनिवारी आणि रविवारी सुट्टी असते हो जगाला. आम्ही सात वर्षं गुरुवार-शुक्रवार मोजतोय, दोघांच्याही डोक्यात आलं नाही. पहारेकरी आमच्याकडे बघून हसला आणि बोटांवर मोजून दाखवलं — आज नाही, उद्या नाही, सोमवारी अर्धा दिवस, मग नाताळ, मग नाताळाचा दुसरा दिवस. गुरुवारी या.

गुरुवारी सकाळी रत्नाकरला ड्यूटीवर हजर व्हायचंय, रिफायनरीच्या पाळ्यांना गुरुवारची सुट्टी नसते. विमान बुधवारी संध्याकाळचं.

नाताळ म्हणजे सुट्टी! अरे, मी नाशिकला कॉन्व्हेंटमध्ये शिकले. नाताळच्या सुट्टीची आम्ही दिवाळीपासून वाट बघायचो. आणि सहलीचा बहाणाच मुळी नाताळचा! दैव देतं आणि कर्म नेतं, दुसरं काय. फुटपाथवर उभी राहून मी हसत सुटले. सोनल घाबरली.

२४ डिसेंबर

आतले साहेब भले होते, मदुराईचे. खुर्ची दिली, सोनलला टॉफी दिली. कागद सगळे बरोबर आहेत म्हणाले. सही करणारा अधिकारी गुरुवारी येईल, गुरुवारी दुपारी पासपोर्ट हातात.

हॉटेलवरून रत्नाकरने कंपनीला फोन लावला. एक दिवस, फक्त एक दिवस वाढवून द्या. नाही म्हणाले. गुरुवारी सकाळी हजर नसाल तर पळाले समजू आणि जामिनावर कारवाई करू.

मी म्हटलं, तू जा, आम्ही दोघी थांबतो. पण कसं थांबणार? हा ज्या पासपोर्टवर जाणार, त्यावरच पोर आहे.

पाऊस. हॉटेलात चार माणसं, आम्ही तीन धरून.

२५ डिसेंबर

सकाळपासून घंटा वाजतायत. मालकीणबाईंनी बशीभर खाऊ आणून दिला — नानकटाईसारखा, वरून पिठीसाखर. सोनलचं नाक पांढरं झालं. हसली. मला बघवेना.

दुपारी गावाबाहेरच्या खाऱ्या तळ्यावर गेलो. गुलाबी पक्षी, नुसते गुलाबी, थंडीत इकडे येतात म्हणे. सोनल काठाने पळत गेली, तेव्हा मी रत्नाकरला सांगून टाकलं. दोन दिवस तेच डोक्यात होतं.

"तू सोनलला घेऊन मुंबईला जा. इथूनच. मी परत जाते, तुझ्या जागी. मला काय करतील?"

तो म्हणाला, सही माझ्यासाठी आहे, तुझ्यासाठी नाही.

"मग तिघंही जाऊ."

तो पक्ष्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "उस्मानची सही आहे, शर्मिला."

मी नको ते बोलले. उस्मान तुझा कोण लागतो, त्याची पोरं घरी सुखरूप आहेत, आपलीच तेवढी बॉम्बखाली ठेवायची काय, तुला पोरीपेक्षा तुझा शब्द मोठा. मोठमोठ्याने बोलले.  तो भांडला असता तर बरं झालं असतं.

२६ डिसेंबर

विमानतळावर त्याने झैतूनची बरणी घेतली. दुकानात उभा राहून तीन बरण्या उलटसुलट करून बघितल्या, जणू मुलीचं स्थळ बघतोय. मला ती त्याच्या हातून घेऊन फोडावीशी वाटली.

फळ्यावर मुंबईला जोडून नेणारी फ्लाइट दिसत होती. आमच्या शेजारच्याच काउंटरवर. पासपोर्ट त्याच्या खिशात होता.

सोनल विचारते, "व्हाय आर वी गोइंग बॅक?" पप्पांना विचार म्हटलं. तिने विचारलं नाही.

२७ डिसेंबर

पहाटे पोचलो. जिन्यात उस्मानभाई भेटले, हातात खुब्जच्या रोट्या, नमाज पढून येत असावेत. आम्हाला पाहिलं आणि थांबले. आधी सोनलकडे बघितलं, मग रत्नाकरकडे. सलाम नाही, कसे आहात नाही. खालच्या पायरीवर बसलेच.

"आलात?" एवढंच म्हणाले.

रत्नाकरने बरणी पुढे केली. ती हातात घेऊन त्यांनी फिरवून बघितली.  मी तशीच वर निघून आले. आपली सही सुटली म्हणून पाय गळाले असतील, मला काय त्याचं!

२ जानेवारी १९९१

पासपोर्ट पुन्हा तिजोरीत.

११ जानेवारी

विषारी गॅससाठीचे मास्क वाटले. कामगारांना आणि बायकांना. मुलांच्या मापाचे नाहीत, येतील म्हणाले. सोनलने माझा लावून बघितला, हनुवटीपाशी चार बोटं फट राहते. तिला खेळ वाटतोय.

रुकय्याभाभी जिन्यात दिसल्या. मी कुलूप शोधायचं नाटक केलं. ज्यांच्या सहीपायी माझी पोर इथे आहे, त्यांच्याशी काय बोलू?

१५ जानेवारी

काही झालं नाही. हेच वाईट.

१७ जानेवारी, गुरुवार

सुरू झालं. रेडिओवर बगदाद. आमच्या डोक्यावरून विमानं जातात ती परत येताना वेगळी वाजतात. रत्नाकर ड्यूटीवर. रिफायनरीच्या फ्लेअरची, जादा गॅस जाळायच्या चिमणीची, ज्वाला तशीच जळतेय, दहा मैलांवरून दिसेल अशी. विझवता येत नाही म्हणे.

१८ जानेवारी

पहाटे पहिला भोंगा. बाथरूमला खिडकी नाही म्हणून तेच आमचं बीळ. दाराला ब्राऊन टेप, खाली ओला टॉवेल. सोनलच्या तोंडावर मी ओलं फडकं धरलं आणि माझा मास्क लावलाच नाही. तिच्या समोर कसा लावू? रत्नाकरनेही नाही लावला. आम्ही दोघं उघड्या तोंडाने बसलो.

ही टेप उस्मानभाईंनी आणून दिली होती. दाराबाहेर ठेवून गेले, बेलही वाजवली नाही.

२७ जानेवारी

टीव्हीवर तेलात बुडलेले पक्षी. समुद्र काळा झालाय, तेल कुवेतकडून खाली आमच्याकडे सरकतंय. सोनलने विचारलं, हे ते गुलाबीवाले आहेत का? नाही गं, ते तिकडे आहेत, सुखात आहेत. शाळा बंद. तिला दिवसभर काय सांगत बसू?

मुलांचे मास्क अजून आले नाहीत.

३० जानेवारी

कंपनीने उस्मानभाईंना हफ्र अल बातिनला पाठवलं. तिथे लष्कराच्या कामाचं स्टोअर आहे. इराक-कुवेतची सरहद्द तिथून जवळ. नाही म्हणायची सोय नाही. रत्नाकर त्यांना बसपर्यंत सोडायला गेला आणि येऊन म्हणाला, भाभी आपल्याकडे राहतील. मी हो म्हटलं. एकट्या बाईला भोंग्यात कशी सोडणार? पण मनातून नको होतं.

३ फेब्रुवारी

रुकय्याभाभी आल्यापासून भांडी मला घासू देत नाहीत. सोनलला तांदळाच्या भाकरी थापायला शिकवतायत. माझ्या तुटकपणाबद्दल चकार शब्द नाही. मीच जरा नरमले.

आज दुपारी त्या खाली जाऊन आपलं थोडं सामान घेऊन आल्या. त्यात ती झैतूनची बरणी. सील तसंच.

"ताई, हे तुम्हीच वापरा. आमच्यात कुणी तोंडाला लावत नाही. हे तर वासानेच उठून जातात."

म्हटलं, अहो, त्यांनीच तर आणायला सांगितलं होतं. विमानतळावर, जाताना.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "झैतून? नाही हो. त्यांनी तर वेगळंच सांगितलं होतं." मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "भाऊ बोलले नाहीत तुम्हाला?"

काय, म्हणून मी विचारलं. 

"म्हणाले होते, परत येऊ नको. माझी पोरं गावाला आहेत, तुझी इथे आहे. मी सही केली ती तुम्ही सुटावं म्हणून. मला काय, घरी जायला उशीर होईल एवढंच." मग म्हणाल्या, "आमचं दोघांचं ठरलं होतं ते. तुम्हाला जिन्यात बघितलं त्या दिवशी हे जेवले नाहीत."

४ फेब्रुवारी

रत्नाकरची काल रात्रपाळी, आज सकाळी येऊन झोपला. मी त्याच्याकडे बघत बसले. पाच दिवस त्या बेटावर त्याला माहीत होतं. कुलपासमोर मी हसत होते तेव्हा, तळ्याकाठी मी ओरडत होते तेव्हा. जायला मोकळा होता. आणि दुकानात बरण्या निवडत होता!

संध्याकाळी विचारणार. सोनलला भाभींकडे देऊन.

५ फेब्रुवारी

विचारलं.  म्हणाला, "उस्मानने तसं म्हटलं नसतं, तर मी मुंबईला गेलो असतो. असं म्हणणाऱ्याला अडकवून कसा जाणार?"

माणूस चांगला आहे माझा. आणि सोनल इथे आहे.