थकीत पुस्तकांची यादी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

गेनबा तात्या आले होते. शेजारी म्हणून नाही, वाचनालयाचे अध्यक्ष म्हणून. बसले नाहीत. जानेवारीत किती माणसं आली, विचारलं. नऊ, म्हणालो. त्यातले चार फक्त पेपर वाचायला.

“बंडू, सुलक्षणा होती तोवर माणसं यायची. तू नुसता रजिस्टर घेऊन बसतोस. लोकांशी बोल की रे!”

वीस तारखेला समितीची बैठक आहे. तोवर काही हललं नाही तर वेल्ह्यातलं हे वाचनालय बंद, खोली दुसऱ्या कामाला. मग तात्यांनी माझा मोबाईल घेतला, व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. सुलक्षणाचा मोबाईल घरी तसाच पडलाय, तोही मागितला. त्यातले सगळे नंबर घातले. त्रेचाळीस माणसं. निम्मी नावं मला माहीत नाहीत.

बायकोला जाऊन आज पंच्याऐंशी दिवस. तिच्या मोबाईलला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला बघवला नाही.

५ फेब्रुवारी

ग्रुपवर काय लिहायचं! सकाळपासून दोन तास गेले. शेवटी वेळ लिहिली – सकाळी नऊ ते एक, दुपारी दोन ते सहा. दोघांनी अंगठा दाखवला. गुंजवण्याच्या कुणा चंद्राबाईंनी गुलाबाचं फूल पाठवलं. मी लिहिलं, “येथे फक्त वाचनालयाविषयीच लिहावे.”

त्यानंतर कुणी काही लिहिलेलं नाही. सारखा मोबाईल बघतोय.

८ फेब्रुवारी

बंद करायचं झालं तर आधी मोजणी होणार. म्हणून देवघेवीची वही काढली. मुदत संपूनही परत न आलेली एकसष्ट पुस्तकं. त्यातली अकरा सुलक्षणाच्या कार्डावर!

एका कार्डावर दोन पुस्तकं, हा नियम. अक्षर तिचंच. दुपारी एक ते दोन मी जेवायला घरी यायचो, तेवढा वेळ ती टेबलाशी बसायची. तेव्हाच लिहिलेलं असणार.

घर शोधलं. माळा, ट्रंक, शिवणाच्या यंत्रामागे. एकही नाही. शेळीपालनाचं पुस्तक, बाळंतिणीच्या आहाराचं, मोठ्या अक्षरातल्या गोष्टींची तीन. आम्हाला शेळी नाही. मूल नाही. काय करायची होती तिला?

मोजणीत विचारलं तर काय सांगू? बायकोनं हरवली म्हणू?

९ फेब्रुवारी

झोप नीट नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

यादी केली. दरवर्षी करतो, दाराच्या आतल्या फळ्यावर लावतो. कुणी वाचत नाही. या वेळी ग्रुपवर टाकली. नाव, गाव, पुस्तक, किती दिवस झाले. एकतीस नावं. सुलक्षणाचं गाळावं असं क्षणभर वाटलं. पण मग यादी खोटी झाली असती. लिहिलं.

संध्याकाळी – तात्यांचा फोन. आवाज इतका चढलेला की कानापासून लांब धरला.

“माझं नाव? चार वर्षं?”

“आहे, तात्या.”

“आहे म्हणजे! फळ्यावर कोण बघतंय? हितं सगळा तालुका बघतोय! माझ्या सुनेच्या माहेरी गेली यादी. आणि मेलेल्या बायकोचंसुद्धा नाव टाकलंस? माणूस आहेस का रजिस्टर?”

फोन ठेवला त्यांनी. लगेच ग्रुप सोडल्याचं दिसलं. मागोमाग आणखी लोक. मी बघत बसलो. यादी काढून टाकायची कशी तेही येईना.

१२ फेब्रुवारी

त्रेचाळीस होते. एकोणतीस राहिले.

१३ फेब्रुवारी

ग्रुपवर कुणीतरी आवाज पाठवलाय. दोन मिनिटांचा. शिव्या असतील म्हणून दुपारपर्यंत लावला नाही. मग वाचनालयाचं दार लोटून घेतलं आणि लावला.

“सायेब, म्या पासलीची रतनबाई बोलतीया. सुनेनं यादी वाचून दाखिवली. बाईंच्या नावावर शेळ्यांचं पुस्तक लिवलंय, त्ये माज्यापाशी हाय. त्यांनी न्हाई हरवलं. बाईंच्या नावाला बट्टा नगं. सून वाचती, आमी चौघीजणी ऐकतो. दोन येळा झालं वाचून. आमी सभासद न्हाई, म्हून त्यांनी आपल्या नावावर दिलं. तुमी रागवू नगा त्यांच्यावर.”

रागवू नका, म्हणते. तीन वेळा ऐकलं.

सभासद व्हायला दोन जुन्या सभासदांच्या सह्या लागतात. नियम मीच आग्रहानं टिकवला. पासलीच्या बाईनं सह्या कुणाच्या आणायच्या?

१४ फेब्रुवारी

दिवसभर आवाज येतायत. रात्री यादीवर खुणा केल्या – अकरापैकी नऊ पुस्तकांचा पत्ता लागला. बाळंतिणीचं पुस्तक तीन घरं फिरून चौथ्या घरी आहे. चंद्राबाईंनी तर हसत हसत सांगितलं –

“बाई म्हणायच्या, सायेब जेवाय गेले की या गं! आमी समोरच्या टपरीपाशी थांबायचो. तुमी गेलात की आत! एकदा तुमी छत्री इसरला म्हून माघारी आलात, तर आमी कपाटामागं. काय पळापळ!”

बाकीच्यांनी खाली हसणारी तोंडं टाकलीत.

जेवून आलो की मी रोज विचारायचो, कुणी आलं होतं का? ती म्हणायची, कुणी नाही. सहा वर्षं.

१५ फेब्रुवारी

माझ्याशी खोटं बोलली याचा राग येतो. मग वाटतं, तिला खोटं बोलावं लागलं. दोन्ही एकदम. जेवण गेलं नाही.

१७ फेब्रुवारी

ग्रुपवर पाच वेळा लिहिलं, पाच वेळा पुसलं. शेवटी, “आता एक ते दोनही उघडे राहील. मी असेन.” हे वाचून कुणी येणारच नाही अशी भीती.

डबा घेऊन गेलो. सव्वा वाजता तिघी आल्या. दाराशीच उभ्या, चपला हातात. “या,” म्हणालो. “जेवलात का?” विचारलं. एक तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली, “सायेब बोलत्यात की गं!”

सह्या मागितल्या नाहीत. वहीत त्यांच्याच नावावर लिहिलं.

१९ फेब्रुवारी

कालच्या एका दिवसात चौदा जणी आणि पाच पुरुष. आकडे कागदावर लिहून घेतले. उद्या बैठक. तात्यांना आधी भेटून माफी मागावी म्हणून त्यांच्या दारापर्यंत गेलो. आत टीव्ही चालू होता. परत आलो. भ्यालो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मी कागद वाचून दाखवला. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“ही माणसं सभासद आहेत का?”

“नाहीत.”

“दोन सह्या घेतल्यास?”

“नाही.”

“मग मोजायची कशी? नियम तुझेच ना बंडू?”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ठराव झाला. सोमवारी कुलूप. पुस्तकं पोत्यांत भरून वरच्या अडगळीच्या खोलीत. किती वर्षं, ते कुणी बोललं नाही. किल्ली सोमवारी सकाळी तात्यांकडे द्यायची.

बाहेर येऊन पायरीवर बसलो. तिला काय सांगू, असं मनात आलं. मग लक्षात आलं, सांगायला कुणी नाही.

२१ फेब्रुवारी

त्या खोलीत वाळवी आहे. मी पाहिली आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज ग्रुपवर लिहिलं नाही, बोललो. “उद्या रविवार. वाचनालय दिवसभर उघडं आहे. कपाटांना कुलूप नसेल. सभासद असा, नसा, हवी ती पुस्तकं घरी न्या. परत आणू नका, वाचून पुढच्या घरी द्या. तात्यांना काय सांगायचं ते मी सांगेन. पिशव्या घेऊन या.”

पहिलं उत्तर पासलीहून. “पिशव्यांनी काय व्हतंय, सायेब? आमी टेम्पोच आणतो.”