वकील संघानं जोडलेला संसार

३ जानेवारी ८६, सिंदी मेघे

रातभर डोयाले डोया नाई लागला. रस्त्यानं मोटारसायकल गेली का वाटे बेबीचा बापच आला. उद्या वकिलायच्या खोलीत त्यायच्या समोर बसा लागते, म्हनून झोप नाई. दिवाळीपासून त्यायचं तोंड नाई पाह्यलं. दादा म्हने, "मी हावो नं संग." हाय दादा. पन दादा काई देवळीले माह्यासंग राहाले येनार नाई.

ही डायरी वकीलबाईनं देल्ली. वकील संघाची मागच्या सालची, कोरीच होती. म्हने, "सुनंदा, जे होईल ते तारीख टाकून लिहीत जा. कोर्टाला तारीख लागते." मी सातवी नापास. तरी लिहून राह्यली.

आधी मागचं लिहतो. त्यायचं देवळीले बियान्याचं दुकान हाय, फवारनीचं औषधही इकतात. दिवाळीच्या आधी एक दिवस भांडन झालं अन् त्यायनं औषधाचं झाकन भरून माह्यासमोर ठेवलं. "पी. लोकायले सांगू, डोकं फिरलं होतं." सासू दारात सूप घेऊन तूर पाखडून राह्यली होती. मान वर नाई केली तिनं. मी बेबीले काखेत घेतलं अन् जे यष्टी भेटली त्या यष्टीत बसली.

४ जाने.

कोर्टात गेलतो. दादा, मी, बेबी. वकील संघ गरिबायची केस फुकट चालवते, तशी माही खावटीची, नवऱ्याकडून खर्च मागाची, केस हाय. माहे वकीलसाहेब संघाचे सेक्रेटरी हाय. (पुढं व.सा. लिहीन.) मानूस वाईट नाई. बेबीले बिस्कूट देल्लं.

पन व.सा. अन् बेबीच्या बापाचे वकील, दोघायनं एकाच कपातला च्या अर्धा अर्धा केला. वकीलबाईले हळूच म्हनली, "हे तं दोस्त हाय." त्या हासल्या. "अगं, तिकडे भांडतात, इकडे चहा पितात. आमचं असंच असतं."

बेबीचा बाप इन करून आलता. सगळ्यायच्या पाया पडला. दादाले म्हने, "काय सालेसाब, काऊन नाराज हा गरिबावर?" वकील हासले. दादानं हात खिशात घातले. बेबी बापाकडं गेली नाई, माह्या मानेत तोंड खुपसलं. व.सा. म्हनले, "बघा, लेकरू बापाला विसरायला लागलं. किती दिवस ओढायचं हे?"

मले वाटलं आता इचारतीन, बेबी बापाकडं काऊन नाई जात. कोनी नाई इचारलं.

७ जाने.

व.सा.नं पुन्हा बलावलं. संघाची वर्षाची सभा १९ ले हाय, वर्षभर काय काम केलं ते वाचून दाखवतात. म्हने, "समेटाची एक तरी चांगली केस पाहिजे. तुमचं मिटलं तर यात येईल, नाहीतर पुढच्या वर्षावर जाईल."

मी म्हनली, "जाऊ द्या नं पुढच्या वर्षावर."

"असं म्हणू नये पोरी. संसार आहे."

घरी वहिनी भाकर थापता थापता आपटे. "मी म्हनून राह्यली का जा म्हनून? मले काऊन पाह्यतं?" एकच खोली. तिचे दोन पोट्टे, दादा, वहिनी, अन् आमी दोघी. तिचं काई चुकत नाई. तिले पाय लांब करून झोपाले जागा नाई.

११ जाने.

सही केली.

पुरसीस म्हनतात त्या कागदाले. दोघायनं मिळून कोर्टाले लिहून द्याचा, का आता भांडन नाई. व.सा.नं वाचून दाखवला. त्यात हे असं होतं, व.बाईकडून उतरून घेतलं:

"अर्जदार हिने रागाच्या भरात, मनस्थिती ठीक नसताना, जीव देण्याची भाषा करून घर सोडले. आता गैरसमज दूर झाला असून पतीविरुद्ध तिची काही तक्रार नाही."

मी म्हनली, "साहेब, मी जीव द्याचं बोललीच नाई. झाकन त्यायनं भरलं."

"अहो बाई, तसं लिहिलं तर तो नांदवायला नेईल का? कोणावरच ठपका नको म्हणून असं लिहायचं असतं. नेहमीची भाषा आहे, टाईपिस्टला तोंडपाठ आहे."

व.बाई म्हनल्या, "सर, एवढं वाक्य गाळलं तर?"

"मग समोरचे सही करणार नाहीत. एकोणीसच्या आत होईल का मग?"

व.बाई खाली पाह्याले लागल्या. नव्या हाय त्या, व.सा.च्याच टेबलावर बसतात. बेबी भुकेनं रडून राह्यली होती. दादा बाहीर होता. कोर्टात हे ४ फेब्रुवारीले लागन. तवा जजसाहेब इचारतीन, राजीखुशीनं हाय का. व.सा. म्हने, "तेव्हा फक्त हो म्हणायचं."

१४ जाने.

संक्रांत. वहिनीनं हळदीकुकू लावलं, तिळगूळ हातावर ठेवला अन् रडाले लागली. मी तिचं लुगडं धुवून टाकलं.

१९ जाने.

आज सभा झाली. हॉलात हार, सतरंज्या, माइक. सगळे काळे कोटवाले. मले अन् बेबीच्या बापाले समोर खुर्च्यायवर बसवलं, नवरानवरीवानी. व.सा.नं वर्षाचं काम वाचलं. लायब्ररीत पुस्तकं आली, पंखा लागला, बार रूमले रंग देल्ला, कोन वारलं त्यायच्यासाठी उभं राह्यलं. मंग म्हनले, "आणि एक तुटलेला संसार संघाने जोडला." लय टाळ्या. एका मोठ्या वकिलाच्या बायकोनं माही ओटी भरली, साडी देल्ली, हिरवी. कानात म्हने, "पोरी, जरा सोसायचं गं." माय असती तं तेही हेच म्हनली असती काय. मालूम नाई.

मंग व.सा. म्हने, "सुनंदाताई दोन शब्द बोलतील." मी नाई नाई म्हनली. माइक हातात देल्ला. काय झालं मले, तोंडातून निंगलं, "मी जीव द्याचं कधीच नाई बोलली."

मंग व.सा.नं माइक घेतला, "भावना अनावर झाल्या, स्वाभाविक आहे." अन् पुन्हा टाळ्या.

फोटो काढला. दादा मांगं उभा होता, टाळ्या वाजवून राह्यला होता. त्याले वाटलं चांगलं झालं.

तिथूनच मोटारसायकलीवर देवळी.

२० जाने., देवळी

सकायी चुलीजवळ येऊन बसले. शांत होते. "माइकवर लय बोलनं येते तुले." मी पीठ मळत होती. म्हने, "काई फरक नाई पडत. सही हाय तुही. वकिलायनं टाळ्या वाजवल्या. आता तू काई करून घेतलं तं माह्यावर कोन शंका घेईन?"

मी तं काईच नाई करनार हावो. मले बेबी हाय.

२३ जाने.

दुकान घराच्या समोरच्या खोलीत. फोन हाय, पन डायलले कुलूप, चाबी त्यायच्या कमरंच्या करगोट्याले. ते जेवाले बसले तवा मी फोन पुसाच्या निमितानं उचलून पाह्यला. कुलूपच हाय. सासू पाह्यत होती. "कोनाले लावतं वं? भावाले? येईन तो, मेल्यावर येईन." अन् हासली, गंमत केली म्हने.

२६ जाने.

ज्या भांड्यातलं ते जेवतात त्यातलंच जेवतो. अगोदर कवा इचार नाई केला जेवनाचा. च्या सासूनं आयता देल्ला का सांडून देतो, मांजर आलतं म्हनतो. बेबीले माह्याच ताटात घेतो. रातच्याले सासू तिले आपल्यापाशी नेते, "मायले झोपू दे" म्हनून. पोट्टी रडते. मले जाऊ देत नाई.

२९ जाने.

सभेचा फोटो मोठा करून आनला. दुकानात लावला, औषधाच्या फळीच्या वर. मी हिरव्या साडीत, ते हासून राह्यले, मांगं सगळे वकील. एक गिऱ्हाईक म्हने, "काय गा शेठ, दुसरं लगन केलं का त्याच बायकोसंग?" हे म्हने, "हव नं, वकिलायनं लावून देल्लं." सगळे हासले. मंग आवाज बारीक करून सांगाले लागले, "डोकं जरा हालते तिचं. जीव द्याचं म्हने. सोताच लिहून देल्लं तिनं कोर्टात." कागदाची नक्कल गल्ल्यात हाय, ते काढून दाखवली.

मी पडद्याआड होती.

३१ जाने.

शेजारची अक्का आज न्हानीपाशी आली. चांगली बाई हाय ते. माहा हात धरला, डोयात पानी होतं तिच्या. "बाई, तू ते औषधाच्या डब्याजवळ जात नोको जाऊ वं. लेकराकडं पाह्य. सगळं ठीक होते."

मी म्हनली, "अक्का, मी नाई जात. मले भ्या वाटते त्या डब्याचं."

"हव हव," म्हने, अन् पाठीवरून हात फिरवला. जसं पागल मानसाले म्हनतात तसं.

गल्लीले मालूम झालं हाय. आता माह्या मरनाचं कोनाले नवल नाई वाटनार.

३ फेब्रु.

उद्या तारीख. दादाले मालूमच नाई. ह्यायनं त्याले निरोप देल्ला, तारीख पुढं गेली म्हनून. तो मशीनवर राहीन, लाकडं कापत.

मी म्हनली बेबीले संग घेतो, कोर्टात रडन नाई. तं म्हने, "बेबी घरीच राहीन. मायपाशी. तू हो म्हनून ये, मंग बेबी तुहीच हाय." सासूनं बेबीले मांडीवर घेतलं अन् तिच्या केसाले तेल लावाले लागली.

मी हो म्हनली तं उद्या नाई तं परवा, कवातरी ते झाकन. नाई म्हनली तं बेबी इथं हाय. सकायपासून हेच फिरून राह्यलं डोक्यात.

एकच सुचलं. उद्या वकिलायच्या खोलीत बसवतीन, तवा ही डायरी बाकावर ठेवून देतो. वकीलबाई, तुमच्या हाती पडली तं बरं. दुसऱ्या कोनाच्या पडली तरी वाचा. डायरी तुमच्याच संघाची हाय, टाकून नोका देऊ. मी पागल नाई. साहेब, तुमीही वाचलं तरी चालन, मले राग नाई तुमचा.

माहं नाव पुकाराच्या आधी माह्या दादाले फोन करा. आरा मशीनच्या ऑफिसचा नंबर पुठ्ठ्याच्या आतून लिहला हाय. मधुकरले बलावून द्या म्हना. कोर्टात नोको येऊ म्हना त्याले. सिधा देवळीले जाय, बेबीले घे अन् घरी ने, एवढंच सांगा. बेबी तिथून निंगाली हे मले कोनी नुसतं मान हालवून सांगतलं तरी मी जजसाहेबाले खरं सांगीन. फोन आधी करा. च्या मंग प्या.